भरपूर झोप, भरपूर भूक आणि नैराश्य

आपल्याकडे नैराश्याचं चित्र ठरून गेलेलं आहे. माणूस जेवत नाही, पहाटे तीनला टक्क जागा होतो, दिवसागणिक वाळत जातो, समोर कोणीही आलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. एवढं दिसलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, डॉक्टरांना दाखवू या. पण हाच आजार दुसऱ्या रूपातही येतो. त्यात माणूस दहा-अकरा तास झोपतो आणि तरी त्याला उठवत नाही. भूक मरत नाही, उलट बिस्किटं, पाव, फरसाण, गोड यांकडे सारखा हात जातो आणि वजन वाढत राहतं. जिवाभावाची मैत्रीण भेटली किंवा भाच्याने पहिलं पाऊल टाकलं की तासभर चेहरा खुलतोही. घरच्यांना यात आजार दिसत नाही. ‘खातेपिते, झोपते, हसते, मग हिला काय धाड भरलीय?’ असं बोललं जातं आणि विषय तिथेच संपतो. वैद्यकशास्त्र या रूपाला अटिपिकल डिप्रेशन म्हणतं. नावावरून दुर्मिळ वाटलं तरी ते मुळीच दुर्मिळ नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे 15 ते 30 टक्के किंवा त्याहूनही थोडे जास्त लोक या वर्गात बसलेले आहेत. या लोकांवरचे उपचार त्यांच्या आजाराचं रूप पाहूनच ठरले पाहिजेत. त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट फुकट आहे. झोप आणि भूक कोणत्या दिशेने बदलली हे विचारायचं आणि गोळी लिहिण्याआधी केसपेपरवर टिपून ठेवायचं. एवढी साधी गोष्टही बऱ्याच ठिकाणी होत नाही, आणि तिचा खर्च रुग्णाला सोसावा लागतो.

आधी लक्षणं नीट पाहू. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1994 साली आपल्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत या प्रकाराला जागा दिली. त्यातली मुख्य अट अशी की चांगलं काही घडलं, किंवा घडणार असं वाटलं, की मन तेवढ्यापुरतं उजळतं. त्याच्या जोडीला चारपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. पहिल्या दोन म्हणजे वाढलेली भूक किंवा वजन आणि वाढलेली झोप. तिसरी म्हणजे हातापायांत शिसं ओतल्यासारखा जडपणा. चौथी, लोकांनी झिडकारल्याची भावना खोलवर टोचणं, आणि तेही वर्षानुवर्षं. कागदावर ही लक्षणं किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात भिजवलेल्या कपड्यांची बादली न्हाणीघरात दोन दिवस तशीच राहते, कारण ती उचलायला दंडच वर येत नाही. मैत्रिणीने संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, आणि तेवढ्यावरून ती बाई संध्याकाळची सगळी कामं टाकून अंथरुणाला खिळते. साहेबाने चारचौघांत एक वाक्य टोचून म्हटलं म्हणून कोणी नोकरीच सोडून देतो. हा आजार बहुधा कमी वयात, अनेकदा विशीच्या आतच सुरू होतो, बायकांत जास्त आढळतो आणि बराच काळ रेंगाळतो. कॉलेजच्या वयातच धरला गेल्यामुळे ‘स्वभावच तसा आहे’ हा शिक्का त्याच्यावर फार लवकर बसतो. एकदा शिक्का बसला की उपचारांचा विचार कोणी करत नाही.

या प्रकाराची ओळखच मुळी एका औषधामुळे झाली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं जात होतं. आजही आपल्याकडे क्षयावर सर्रास दिलं जाणारं आयसोनियाझिड हे त्याचंच भावंड. इप्रोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांची भूक वाढली, अंगात उत्साह आला, काही तर वॉर्डात नाचू लागले. नेथन क्लाइन यांनी 1957 मध्ये तेच औषध नैराश्यावर वापरून पाहिलं. पुढे 1959 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले वेस्ट आणि डॅली यांनी एक बारीक गोष्ट हेरली. पहाटे लवकर जाग येणं, स्वतःला दोष देत राहणं अशी नेहमीची लक्षणं ज्यांच्यात नव्हती आणि ज्यांना विजेच्या झटक्यांचा फारसा उपयोग होत नव्हता, अशा रुग्णांपैकी काहींना या गोळीने चांगला गुण येत होता. म्हणजे नैराश्य हा एकच एक आजार मानून सगळ्यांना एकच उपचार देणं अपुरं आहे, हे साठहून अधिक वर्षांपूर्वी रुग्णांनीच दाखवून दिलं होतं. इप्रोनियाझिड यकृताला घातक ठरल्याने मागे पडलं, पण त्याच गटातलं, म्हणजे मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखणारं, फेनेल्झिन वापरात राहिलं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित गटाने नंतर हा प्रश्न कसोशीने तपासला. डोनाल्ड क्लाइन, फ्रेडरिक क्विटकिन, मायकेल लीबोविट्झ ही त्यातली नावं. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अटिपिकल नैराश्याच्या 119 रुग्णांच्या निष्कर्षांची तुलना होती. फेनेल्झिन घेणाऱ्यांपैकी 71 टक्के, इमिप्रामिन घेणाऱ्यांपैकी 50 टक्के आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी 28 टक्के लोक सुधारले. इमिप्रामिन हे तेव्हाचं भरवशाचं औषध होतं, आणि नेमकं या रुग्णांत ते मागे पडलं. मग फेनेल्झिन सर्रास का वापरलं जात नाही? त्याचं उत्तर खाण्यात आहे. 1963 मध्ये लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातल्या बॅरी ब्लॅकवेल यांनी दाखवून दिलं की ही औषधं घेणाऱ्याने मुरलेलं चीज खाल्लं तर रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढू शकतो. चीजमधलं टायरामाइन एरवी आतड्यातच मोडलं जातं. हे औषध ते मोडणारं विकरच बंद करतं. मुरलेल्या, आंबवून टिकवलेल्या पदार्थांइतकंच वाळवलेल्या-खारवलेल्या मासळीबाबतही जपावं लागतं, म्हणजे कोकणातल्या घरात तर पथ्य पाळणं आणखी अवघड. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं हीसुद्धा चालत नाहीत. ज्या देशात सर्दीची गोळी दुकानदार चिठ्ठीशिवाय हातात ठेवतो, तिथे या औषधांबाबत डॉक्टरांनी हात आखडता घेतला तर त्यांना दोष देता येणार नाही. आपल्याकडच्या रोजच्या चिठ्ठ्यांत ही औषधं जवळपास दिसतच नाहीत.

इथे पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. जुनी औषधं मागे पडली, फ्लुऑक्सेटिन आणि त्याच्या कुळातली सुरक्षित औषधं आली, तर आता प्रकारांचा एवढा कीस कशाला काढायचा? या आक्षेपाला पुराव्याचं बळ आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. 2000 साली पॅट्रिक मॅकग्राथ आणि सहकाऱ्यांनी 154 अटिपिकल रुग्णांत फ्लुऑक्सेटिन आणि इमिप्रामिनची तुलना केली. दोन्हींचा गुण जवळपास सारखा, निम्म्याच्या आसपास निघाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही तीन औषधं दिली गेली. नैराश्याच्या प्रकारावरून कोणती गोळी कोणाला लागू पडेल हे सांगता आलं नाही. ऑस्ट्रेलियातले गॉर्डन पार्कर यांनी तर या प्रकाराच्या मांडणीवरच प्रश्न उभे केले. प्रसंगानुरूप मन उजळणं आणि बाकीची लक्षणं यांचं एकमेकांशी असलेलं नातं घट्ट नाही, आणि खरं मूळ झिडकारलं जाण्याच्या भीतीत असावं, असं त्यांचं म्हणणं. प्रकाराची सीमारेषा धूसर आहे, हे मला पटतं. पण त्यावरून ‘विचारण्याची गरज नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. या चाचण्या एवढंच सांगतात की आजच्या प्रचलित गोळ्यांपैकी कोणती जास्त परिणामकारक ठरेल हे प्रकारावरून ठरत नाही. गोळीने वजन किती वाढेल, दिवसा किती पेंग येईल, आजाराखाली दुसरा आजार लपला आहे का, रुग्ण तिसऱ्या भेटीला परत येईल का, हे प्रश्न त्यानंतरही उरतात. उपचार टिकतात की फसतात, हे बहुतेक वेळा याच प्रश्नांवर ठरतं.

आणि ज्या फूटपट्टीने आपण ‘सुधारणा’ मोजतो, ती तरी या रुग्णांना नीट मोजते का? ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 मध्ये तयार केलेली प्रश्नावली गेली कित्येक दशकं औषधांच्या चाचण्यांत प्रमाण मानली जाते. तिच्या 17 कलमी रूपात निद्रानाशासाठी तीन वेगळी कलमं आहेत: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे लवकर जाग येते. भूक मंदावण्याला गुण आहेत, वजन घटण्याला गुण आहेत. अकरा तास झोपण्याला शून्य, वजन आठ किलोंनी वाढण्यालाही शून्य. म्हणजे अंथरुणातून उठू न शकणारी बाई या फूटपट्टीवर प्रत्यक्षापेक्षा कमी आजारी दिसते. नंतरच्या, आज दवाखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत ही चूक सुधारली गेली, पण अर्धीच. तिथे ‘झोप लागत नाही, मोडते किंवा फार झोप येते’ हे सगळं एकाच प्रश्नात आहे आणि ‘भूक कमी किंवा खाणं जास्त’ हेही एकाच प्रश्नात. रुग्ण खूण करतो, गुणांची बेरीज होते, आणि खूण नेमकी कशासाठी केली हे कागदावर राहत नाही. बेरीज 16 आली तर आजार बऱ्यापैकी तीव्र आहे एवढं कळतं. त्याचं रूप कळत नाही. त्या खुणेशेजारी ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असा एक शब्द लिहायला पाच सेकंद लागतात. ओपीडीतल्या रांगेचं कारण इथे तरी देता येत नाही.

त्या एका शब्दाने काय बदलतं, ते वजनाच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तीन हजारांहून अधिक रहिवाशांचा सरासरी साडेपाच वर्षं पाठपुरावा केला गेला. अटिपिकल लक्षणांचं नैराश्य असलेल्यांमध्ये पुढे स्थूलता येण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि नैराश्याचा झटका ओसरल्यावरही वजन वाढत राहिल्याचं दिसलं. नेदरलँड्समधल्या मोठ्या पाहणीत याच प्रकाराच्या रुग्णांमध्ये पोटाचा घेर, रक्तातले ट्रायग्लिसराइड्स आणि शरीरातल्या दाहाचे निर्देशक वाढलेले आढळले. झोप-भूक गेलेल्या रुग्णांत मात्र कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं पारडं जड होतं. म्हणजे फरक शरीरातही उतरतो. आता आपल्या गोळ्यांकडे पाहा. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत नैराश्यावरची जी मोजकी औषधं आहेत, त्यांत अमिट्रिप्टिलिन आहे. ते स्वस्त आहे, जुनं आहे आणि ज्याची झोप-भूक गेली आहे त्याला त्याच्या दुष्परिणामांचाही उपयोग होतो, कारण ते पेंग आणतं आणि भूक वाढवतं. मिर्टाझापिनही तसंच. आधीच दहा तास झोपणाऱ्या आणि साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला यातली गोळी दिली तर आजाराची दोन लक्षणं आपणच वाढवून ठेवतो. मग तो सहा आठवड्यांत ‘गोळ्यांनी सुस्ती येते’ म्हणून औषध सोडतो, आणि घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांचा काही उपयोग नसतो. अशा वेळी फ्लुऑक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन हे पर्याय अधिक शहाणपणाचे. दुसऱ्याने वजन आणि पेंग सहसा वाढत नाही, मात्र फिट येणाऱ्यांना आणि बकाबका खाऊन ओकून टाकण्याचा विकार असलेल्यांना ते देत नाहीत. ज्या देशात मधुमेह घरोघरी आहे तिथे नैराश्यावर उपचार सुरू करताना वजन आणि कंबरेचा घेर नोंदवला जाऊ नये, हे मला अक्षम्य वाटतं.

दुसरा आजार लपलेला असण्याची शक्यता याहून गंभीर आहे. फार झोप, फार भूक, हातपाय जड होणं आणि कमी वयात सुरुवात हे चित्र बायपोलर आजाराच्या उदासीन टप्प्यातही वारंवार दिसतं, विशेषतः त्याच्या सौम्य चढ असलेल्या दुसऱ्या प्रकारात. अशा माणसाच्या आयुष्यात कधीतरी चार-पाच दिवस असे येऊन गेलेले असतात की तीन तास झोपूनही थकवा नव्हता, डोक्यात योजनांची गर्दी होती, बोलणं थांबत नव्हतं, पैसा सैल सुटला होता. तो स्वतःहून हे सांगत नाही, कारण ते दिवस त्याला आजाराचे वाटतच नाहीत, चांगले वाटतात. डॉक्टरांनी हे मुद्दाम विचारावं लागतं, शक्यतो घरच्या कोणाला तरी सोबत बसवून. न विचारता नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही रुग्णांत मन एकदम चढतं किंवा चढउतार वाढतात; तिथे मन स्थिर ठेवणारी वेगळी औषधं लागतात. त्यांतल्या क्वेटियापिनसारख्या काहींनी वजन वाढतं, त्यामुळे तिथेही तोल सांभाळावा लागतो. मुद्दा एवढाच की ‘झोप जास्त’ हा शब्द केसपेपरवर आला की पुढचा प्रश्न आपोआप विचारला जातो. तो शब्द नसेल तर प्रश्नही राहून जातो.

आता अशा उपचाराकडे येतो ज्याला आपण कायम दुय्यम लेखत आलो आहोत. 1999 मध्ये अमेरिकेत डलास इथल्या रॉबिन जॅरेट आणि सहकाऱ्यांनी 108 अटिपिकल रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींना फेनेल्झिन, काहींना औषध नसलेली गोळी आणि काहींना फक्त संवादोपचार, म्हणजे विचारांची घडण तपासून बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह थेरपी, असा तो दहा आठवड्यांचा प्रयोग होता. फेनेल्झिनवर 58 टक्के लोक सुधारले. थेरपीवरही 58 टक्केच. औषध नसलेल्या गोळीवर 28 टक्के. या आजारात सर्वांत प्रभावी मानल्या गेलेल्या औषधाची बरोबरी बोलण्याने केली, आणि तीही चीज-मासळीचं पथ्य न लावता, वजन न वाढवता. यामागचं कारण मला आजाराच्या रूपातच दिसतं. झिडकारलं जाण्याची भीती हा या नैराश्याचा गाभा असेल, तर ‘उत्तर आलं नाही म्हणजे तिला मी नकोशी आहे’ या उडीवर काम करावंच लागेल, आणि ते काम गोळी करत नाही. शिवाय मन प्रसंगानुरूप उजळतं, ही गोष्ट घरच्यांना सोंगाचा पुरावा वाटते; उपचाराच्या दृष्टीने तीच मोठी जमेची बाजू आहे. चांगल्या अनुभवाने ज्याचं मन अजून हलतं, त्याच्या दिवसात असे अनुभव ठरवून पेरता येतात.

यावर शहरी वाचकही म्हणेल की हे सगळं डलासला ठीक आहे. आपल्याकडे दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ हे प्रमाणही गाठलेलं नाही, थेरपिस्ट तर त्याहून कमी, आणि एका बैठकीचे पैसे मध्यमवर्गालाही जड जातात. ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचारांविनाच असल्याचं आढळलं होतं. अडचण खरी आहे. पण तिचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात तयार झालेलं आहे. ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक कार्यक्रम राबवला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती आसपासचीच, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसं होती. सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. त्यांत काय करायचं? दिवस कसा जातो ते लिहून काढायचं, कशाने मन किंचित वर येतं ते शोधायचं, आणि उद्या त्यातली एखादी लहानशी गोष्ट इच्छा नसतानाही ठरल्या वेळी करायची: अमुक वाजता उठून दारात उन्हात बसणं, शेजारणीकडे जाऊन येणं, रखडलेल्या कामांतलं एक हातावेगळं करणं. पुढच्या बैठकीत काय जमलं, काय नाही, का नाही, हे पाहायचं. या पद्धतीला वर्तनसक्रियता म्हणतात. बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांत, तीन महिन्यांनंतर हा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी 64 टक्के आजाराच्या बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. त्या चाचणीत अटिपिकल रुग्ण वेगळे काढलेले नव्हते, त्यामुळे तिचे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पण मन अजून हलणाऱ्या, पण अंथरुणात अडकलेल्या माणसाला या पद्धतीचा उपयोग व्हावा असं मानायला भरपूर आधार आहे. आशाताई आणि आरोग्यसेविकांचं जाळं असलेल्या महाराष्ट्राला हे परवडत नाही, असं म्हणणं मला पटत नाही. मात्र आशाताईंवर आधीच लादलेल्या कामांत हे आणखी एक काम बिनपगारी टाकून चालणार नाही. त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळं मानधन हवं.

आणखी एक आक्षेप सर्वसाधारण वाचकाच्या मनात असेल. उशिरा उठणारा, खात बसणारा, टाकून बोललं की रुसणारा प्रत्येक तरुण आता आजारी ठरवायचा का? नाही. आजार म्हणायला हे सगळं किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज असावं लागतं. मन उदास किंवा कशातच रस नसलेलं असावं लागतं आणि त्याने कामात, अभ्यासात, नात्यांत अडथळा यावा लागतो. त्याआधी शरीराकडे पाहणं आवश्यक आहे. थायरॉइड कमी पडला तर यांतली बरीच लक्षणं दिसतात. आपल्याकडच्या बायकांत रक्तक्षय सर्रास असतो, शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास असते, आणि दहा तास झोपूनही ताजंतवानं न वाटण्यामागे घोरताना श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. या तपासण्या न करता थेट नैराश्याची गोळी देणं चूक. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘काही झालेलं नाही, जरा व्यायाम कर, लवकर ऊठ’ म्हणून घरी पाठवणं त्याहून मोठी चूक. व्यायामाने नैराश्यात गुण येतो हे खरं आहे. पण ज्याचे पाय जिना चढायला तयार नाहीत त्याला ‘रोज पाच किलोमीटर चाल’ असं सांगणं म्हणजे आणखी एका अपयशाची तारीख ठरवून देणं. त्याला आधी दारापर्यंत नेणारा कोणीतरी लागतो.

पूरक गोळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. क्रोमियम पिकोलिनेटची एकेकाळी या आजारासाठी बरीच चर्चा झाली. पंधरा जणांच्या एका चाचणीत आशा दिसली, पण पुढच्या शंभराहून अधिक रुग्णांच्या चाचणीत नैराश्यावर एकंदर फरक पडला नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. फेनेल्झिनच्या कुळातली औषधं मात्र पूर्ण विसरली जाऊ नयेत. दोन-तीन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊन आणि थेरपी करूनही ज्यांना गुण आला नाही, अशा थोड्या रुग्णांसाठी हा पर्याय मोठ्या रुग्णालयांतल्या अनुभवी हातांत उपलब्ध असायला हवा. आधीच्या गोळ्या बंद केल्यावर साधारण दोन आठवडे आणि फ्लुऑक्सेटिन असेल तर पाच आठवडे थांबून मगच ती सुरू करायची, पथ्य लेखी द्यायचं, रक्तदाब मोजत राहायचं. काळजीने वापरता येण्यासारखं औषध केवळ कटकटीचं आहे म्हणून कायमचं मिटवणं हा त्या रुग्णांवर अन्याय आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आपल्या केसपेपरवर झोप आणि भूक यांच्यापुढे ‘कमी’ आणि ‘जास्त’ असे दोन वेगळे रकाने छापावेत आणि पहिल्याच भेटीत वजन नोंदवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं अंदाजपत्रकही लागत नाही. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी महिनोन्‌महिने फार झोपत असेल, खात असेल, क्षुल्लक बोलण्याने कोलमडत असेल, तर ते लग्नात हसलं म्हणून त्याच्या आजारावर अविश्वास दाखवू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा झोप आणि भूक वाढली आहे, कमी झालेली नाही, हे विचारण्याची वाट न पाहता सांगा. आधी कधी फार उत्साहाचे दिवस येऊन गेले असतील तर तेही सांगा. चालू गोळी सोसत नसेल तर ती मनाने बंद करू नका, बदलून मागा. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.